मापाऱ्याच्या पोराची अट

२००९च्या सुमारास आमच्या यवतमाळच्या छोट्याशा दैनिकाचं पहिलं पान कापसाचं असायचं आणि दुसरंही कापसाचंच. परदेशाला शेवटच्या पानावर एक कोपरा मिळे, तो मी भरायची. तो कुणीही वाचत नाही अशी माझी खात्री होती आणि त्याचा मला रागही यायचा.

वाचणारा एक निघाला. कापसाच्या बाजारात गाड्यांचं वजनमाप करणारा म्हातारा मापारी. यार्डात गाड्या कमी येऊ लागल्या तसा तो दुपारी आमच्याकडे फुकटचा पेपर वाचायला बसू लागला. त्याला एकाच बातमीचं वेड. अमेरिकेने पकडून दूर समुद्रापलीकडच्या तुरुंगात डांबलेले चीनमधले उइघुर मुसलमान. पुढे अमेरिकाच म्हणाली की यांना सोडायचंय. पण सोडायचं कुठे? मायदेशी धाडलं तर चीन त्यांचे हाल करील, आणि अमेरिका स्वतःच्या घरात घेईना. मग तिचे मुत्सद्दी देशोदेशी विचारत फिरले, आणि चीनच्या धाकाने बहुतेक देश हात झटकत गेले. आज त्या लोकांचं काय झालं, हे मापारी रोज विचारायचा. एकदा मी वैतागून म्हटलंच, काका, तुमचं काय अडलंय त्यांच्यावाचून?

तेव्हा कळलं. त्याचा तिशीतला मुलगा दरोड्याच्या खटल्यात काही वर्षं तुरुंगात होता. कोर्टाने निर्दोष सोडला. पण बाभुळगावाजवळच्या त्यांच्या गावाने तो नको म्हटलं, सासुरवाडीनेही नाही म्हटलं. सरकी काढायच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या खोलीत तो दिवस काढत होता. उरलं होतं उमरखेडकडच्या आत्याचं गाव. मापारी तिथे दोनदा जाऊन गयावया करून आला होता. पोरगा सुधारलाय, एकदा सांभाळून घ्या, असं सांगून. गाव विचार करून सांगतो म्हणालं होतं.

मी ओशाळले. त्यानंतर त्या बातम्या मी जरा नीट शोधू लागले.

एक दिवस बातमी आली. पलाऊ नावाच्या, आमच्या उमरखेडहूनही कमी वस्तीच्या बेटांच्या देशाने होकार दिला होता. एवढ्या मोठ्या चीनकडे न बघता! नकाशात तो देश शोधायला मला भिंग लागलं.  पण मापाऱ्याचं लक्ष बातमीच्या शेवटच्या ओळींवर होतं. त्या देशाची माणसं तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटली होती, आणि यायचं की नाही हे त्यांनाच ठरवायचं होतं. काही जण हो म्हणाले, काही नको म्हणाले. कोंडलेल्या माणसालाही नाही म्हणता येतं, हे त्याने मला दोनदा वाचायला लावलं.

"पोराले तं म्या इचारलंच नाई," तो म्हणाला आणि चष्मा टेबलावर विसरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो उभाच राहिला. मुलगा आत्याच्या गावी जायला तयार होता, पण एका अटीवर. ती त्याने मुलाच्याच शब्दांत सांगितली. "मी काई केलं नोतं, हे गावाले पयले सांगजा. मंग येतो."

ज्याला कुठेच जागा नाही तो अट घालतो! मला त्या माणसाला बघायचीही भीती वाटली, इतका तो मोठा वाटला.  बापाला मात्र एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मी त्याच्यासोबत एसटीने गेले.

आत्याच्या अंगणात दहा-पंधरा माणसं जमली. मधोमध सरपंच, साठीची, करड्या आवाजाची बाई. मापारी सवयीने हात जोडायला लागला, मग त्याने हात खाली घेतले. म्हणाला की माझ्या पोराने दरोडा घातला नव्हता. कोर्टाने सांगायच्या आधीही मला ते माहीत होतं.

 सरपंचबाईंनी विचारलं,

"मंग इतके दिस 'पोरगा सुधारला' म्हनून तुमीच त्याले चोर काहून ठरवून राह्यलते, भाऊ?"

 मापारी तिथेच खाली बसला आणि रडू लागला. बाईंनी आत्याला त्याच्यासाठी पाणी आणायला सांगितलं, आणि पोरगा कोणत्या गाडीने येणार ते मला विचारलं.