ओढायचा शर्ट

कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांनी लग्न झाल्यापासून सिगरेट ओढली, पण वहिनींना कधी पत्ता लागू दिला नाही. एकाच कापडाचे ते दोन शर्ट शिवायचे, एक घरचा आणि एक ओढायचा. ओढायचा शर्ट दुकानातच राहायचा. तो उतरवला की लवंग चघळत स्वारी घरी.

यंदा डॉक्टरांनी दम भरला आणि मास्तरांनी खरोखरच सिगरेट सोडली. ओढायच्या शर्टाची त्यांनी मोठ्या थाटात मशीन पुसायची फडकी केली. दुकानामागे धूर सोडत बसणाऱ्या मित्रांची संगत मात्र सुटेना. आता तिथे ते घरच्याच शर्टात जाऊन बसले.

घरात पाऊल टाकताच वहिनी कडाडल्या, "अगंबाई! या वयात सिगरेट सुरू केलीत?"

"अगं, मी तर..." मास्तरांनी पुढचा शब्द गिळला. सोडली म्हणावं, तर ओढत होतो हेही कबूल करावं लागणार.

"आजच्या आज सोडायची!"

"सोडली," मास्तर म्हणाले.

हल्ली वहिनी गल्लीभर सांगतात, "माझ्या एका शब्दावर सोडली हो ह्यांनी!" आणि मास्तर त्याच कापडाचा दुसरा शर्ट बेतताहेत.