सीईटी की नाटा?

बारावीनंतरच्या त्या मे महिन्यात माझ्या हातात दोन परीक्षांचे निकाल होते आणि दोन्ही अर्धवट. इंजिनिअरिंगच्या सीईटीत ब्याऐंशी पर्सेंटाइल आणि आर्किटेक्चरच्या नाटामध्ये जेमतेम पास. दोन्हींना दुसरी संधी होती. पण तारखा एकाच आठवड्यात आणि अभ्यासाला उरला होता जेमतेम महिना. दोन्हींकडे थोडं थोडं बघायला गेले तर पुन्हा तसेच मार्क पडणार, हे मला पक्कं माहीत होतं. कॉलेजचे अर्ज सुरू व्हायच्या आधी एकच परीक्षा पुन्हा द्यायची, इथपर्यंत ठरलं होतं. कोणती, तिथं गाडी अडली होती.

लोणावळ्याच्या क्लासमधले सर म्हणाले, "सीईटी दे. तुझं गणित बरं आहे. पाच-सहा पर्सेंटाइल वाढले की पुण्यात चांगल्या कॉलेजात सिव्हिल मिळेल. नाटाचं काही सांगता येत नाही."

सरांचं खरंच होतं. नाटामध्ये चित्रं काढायची असतात, आणि शिवाय दिलेल्या पुठ्ठ्यातून, काड्यांतून काहीतरी उभं करून दाखवायचं असतं. पहिल्या वेळी मी उंचच उंच मनोरा करायला गेले आणि वेळ संपायच्या आत तो आडवा झाला. तरी त्या परीक्षेचं नाव निघालं की माझे हात आपोआप पुठ्ठा-कात्री शोधायला लागायचे. सीईटीच्या नावानं तसं काही होत नसे. पण ही गोष्ट सरांना सांगायची कशी?

आमचं घर कार्ल्यात. लेण्यांकडं चढून जाणाऱ्या लोकांसाठी आई रस्त्याकडेला ताक आणि कोकम सरबत विकायची. तिला विचारलं तर ग्लास विसळता विसळता म्हणाली, "तुजं तू ठरीव. पर सोमवारच्या आत ठरीव. फॉर्मची तारीख गेल्यावर माज्याम्होरं रडू नगं."

पप्पा गवंडी. त्या वर्षी लोणावळ्यात एका बंगल्याचं काम चालू होतं आणि जूनच्या आत स्लॅब पडायला पाहिजे म्हणून सगळी घाई. त्यांच्या मनात मी इंजिनिअर व्हावं हेच होतं. साइटवर इंजिनिअर आला की सगळे उभे राहतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

शुक्रवारी मी त्यांचा डबा घेऊन साइटवर गेले. पप्पा जिन्यापाशी नकाशा धरून उभे होते. जिन्याच्या आणि वरच्या बीमच्या फळ्या लागल्या होत्या, काँक्रीट अजून पडायचं होतं.

"काय झालं, पप्पा?"

"काय न्हाई. नकाशात बराबर हाय. पर मला ह्यो बीम लय खाली वाटतोय."

मी नकाशा पाहिला. वरून काढलेला एक, बाजूनं काढलेला एक. त्यात जिना वेगळा दिसत होता आणि बीम वेगळा. दोन्ही एकत्र कुठंच दिसत नव्हते. मला एकदम राहवेना. कोपऱ्यात सामानाचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके पडले होते. ब्लेड मागून घेतलं, एका फुटाला एक इंच धरलं आणि तिथंच जमिनीवर बसून पायऱ्या कापायला लागले. पप्पा जेवत होते आणि मधेमधे मापं सांगत होते. "पायरी साडेसहा इंच. बीम जमिनीपासनं आठ फूट."

शेवटी मी माझी पेन्सिल साडेपाच इंचांवर तोडली आणि पायऱ्यांवर उभी करत वर नेऊ लागले. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या पायरीवर ती वर लावलेल्या बीमच्या पुठ्ठ्याला थडकली.

पप्पांचा घास हातातच राहिला. "आरं तिच्या! डोकंच फुटतंय की मान्साचं!"

दुसऱ्या दिवशी बंगल्याचा नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्ट मॅडम येणार होत्या. मीही मुद्दाम गेले. मॅडमनी ते खोक्याचं मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून बराच वेळ पाहिलं.

"ही पेन्सिल कशाला?" त्यांनी विचारलं.

"तो माणूस आहे," मी म्हणाले.

त्या हसल्या, पण लगेच वळून सुताराला म्हणाल्या, "जिन्याच्या फळ्या काढा. सुरुवात दोन फूट पुढे घेऊ." मग पप्पांना म्हणाल्या, "बरं झालं आज कळलं. माझ्याकडून राहून गेलं होतं."

परत येताना आम्ही बसमध्ये बसलो. वलवणचा थांबा गेल्यावर पप्पांनी विचारलं, "हे खोक्याचं काम कुटल्या परीक्षंत इचारत्यात?"

"नाटाला."

"आनि शीईटीला?"

"त्यात नुसती उत्तरं निवडायची."

"मंग नाटाच दे की. येवढा इचार कशाचा करतीस?"

मला बसमध्येच उडी मारावीशी वाटली. घरी पोचल्या पोचल्या फॉर्म भरला. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बघ बाई, सीईटीची संधी जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे, सर." असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

तो महिना कसा गेला कळलं नाही. सकाळी लेण्यांत जाऊन छताच्या लाकडी कमानी काढायच्या, दुपारी आईच्या सरबताच्या टपरीमागं बसून येणारीजाणारी माणसं काढायची. गिऱ्हाइकं वाकून वहीत बघायची. एक बाई तर स्वतःला ओळखून इतक्या खूश झाल्या, की पाच मिनिटं न हलता उभ्या राहिल्या.

परीक्षेत या वेळी आठवडी बाजारातलं दुकान करायला आलं. बाजार मी कामशेतला लहानपणापासून बघत आले होते. उंचीच्या नादी लागले नाही. आधी पाया चिकटवला, मग चार काड्या, मग छप्पर थोडं पुढं काढलं, म्हणजे गिऱ्हाईक सावलीत उभं राहील. पाच मिनिटं उरली तेव्हा मी फुंकर मारून पाहिली. हललं नाही. मला मोठ्यानं हसू आलं आणि सुपरवायझरनं वळून पाहिलं.

मार्क पहिल्यापेक्षा पुष्कळ वाढले. अगदी वरच्या कॉलेजला पुरतील इतके नव्हेत. मी यादीत अकरा कॉलेजं भरली आणि चौथं मिळालं, पुण्यातलंच. कॉलेजची यादी लागली तेव्हा मी टपरीवर होते. फोनवर कॉलेजचं नाव वाचलं आणि हातातलं ताक एका काकांच्या बुटांवर सांडलं. आई आधी त्यांच्यावर फडकं घेऊन धावली, "माफ करा भाऊ, पोरगी आरकिटेक होनार हाय," आणि मग फडकं तसंच हातात धरून तिनं मला मिठी मारली. काका बूट झटकत म्हणाले, "मग अजून एक ग्लास द्या, पेढ्याऐवजी."