जेवून घे आधी

रविवारी सकाळी मनवाचा फोन आला तेव्हा नलू तळपदे कोलंबी सोलत होती. हात ओले होते म्हणून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला आणि सुनेचा आवाज ऐकताच स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"आई, मी परत येत नाहीये," मनवा म्हणाली. "ठरलंय माझं. विक्रांतला तुम्हीच सांगा, प्लीज. मी दोनदा सांगून बघितलं. तो नुसतं हं म्हणतो आणि विचारतो, जेवलीस का."

"बरं," नलू म्हणाली.

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"कोलंबी आणलीय आज."

फोन बंद झाल्यावर नलूने उरलेल्या कोलंब्यांचे काळे दोरे काढले, हळद-मीठ लावलं आणि हात धुतले. रडू येईल म्हणून ती जरा थांबली. आलं नाही. मागच्या वर्षी तिचे यजमान कमलाकांत गेले तेव्हाही ती अशीच थांबली होती. लोक भेटायला आले तेव्हा चहाला साखर किती, एवढंच तिला विचारता येत होतं.

ठाकुरद्वारच्या या तिसऱ्या मजल्यावर ती लग्न करून आली तेव्हा घरात सासरे राजाराम तळपदे होते आणि त्यांची शिस्त होती. पानावर बसलेल्या माणसाला वाईट काही सांगायचं नाही. एकदा दुपारी सासरे जेवत असताना त्यांचा थोरला भाऊ गेल्याचा फोन आला. सासूबाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला, सासऱ्यांना मागचा भात वाढला, वर दही घातलं, त्यांनी हात धुऊन पुसेपर्यंत वाट पाहिली आणि मग सांगितलं. दारामागे उभ्या असलेल्या नव्या नलूला हे भयंकर वाटलं होतं. पुढे विमा कंपनीतली नोकरी सांभाळून तिने हेच केलं. विक्रांतचा दहावीचा निकाल, कमलाकांतांची हुकलेली बढती, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं हात धुतल्यानंतर.

आताही जेवणानंतर सांगता आलं असतं. पण विक्रांत हल्ली तिच्याबरोबर जेवतच नव्हता. ताट खोलीत न्यायचा, रिकामं आणून मोरीत ठेवायचा. कधी जेवला, कधी उठला, कळायचंच नाही. म्हणून जेवणाआधीच सांगून टाकू, असं ठरवून ती त्याच्या खोलीत गेली.

तो पलंगाला टेकून खाली बसला होता. समोर टीव्हीवर जंगल.

"विक्रांत."

"हं. हे बघ, नवीन गेम आलाय. अजून डेमो आहे, फुकट." त्याने मान वळवली नाही. "खेळतेस?"

त्याने असं कधी विचारलं नव्हतं. नलू खाली बसली. गुडघे वाजले.

"तो पांढरा घे. काळ्याचं चार्जिंग संपत आलंय."

पांढरा कंट्रोलर मनवाचा. ती गेल्यापासून सहा-सात महिने तो शोकेसवर होता आणि त्याच्यावरची धूळही विक्रांत नलूला पुसू देत नव्हता. तिने तो गरम पातेलं धरावं तसा दोन्ही हातांनी धरला.

"करायचं काय यात?"

"मोठा प्राणी शोधायचा. मारायचा. त्याच्या हाडाकातड्याची हत्यारं बनवायची."

"आणि मग?"

"मग त्याहून मोठा मारायचा."

"आणि संपतं कधी?"

"संपत नाही."

पडद्यावर एक बाई उभी होती. तिच्याएवढीच उंच तलवार पाठीला. तिचा चेहरा आपण हवा तसा बनवायचा असतो, विक्रांत म्हणाला, त्यातच त्याचा काल अर्धा दिवस गेला. बाईचे केस आखूड होते. हनुवटीवर डावीकडे तीळ होता, मनवाला आहे तिथेच. नलूने तीळ पाहिला आणि विचारलं, "चालायचं कसं हिने?"

बाई चालू लागली ती थेट झाडावर जाऊन आपटली. मग पाण्यात पडली. एक मांजर बरोबर होतं, ते विस्तवावर मांस भाजत होतं.

"परतत नाहीये ते. एका बाजूने करपेल."

"आई, मांजराकडे बघू नको. पुढे बघ."

पुढे झाडी हलली आणि तो आला. सरड्यासारखा, पण बसएवढा. नलूला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याने शेपटी फिरवली, तीळवाली बाई उताणी पडली. कुठूनशी आणखी मांजरं आली, त्यांनी तिला हातगाडीवर घातलं आणि हिंदमाताच्या कापडबाजारात साड्यांचे गठ्ठे नेतात तसं खडखडत तळावर आणून ओतलं.

"मेली?"

"नाही गं. उठेल परत."

बाई उठली. तलवार बोथट झाली की दगडावर घासायची, हे मात्र नलूला लगेच जमलं. कपाच्या बुडावर सुरी घासायचा हात होता तिला. "वा, धार बरी लावतेस," विक्रांत म्हणाला. तिने पुन्हा लावली. धार असलेल्या तलवारीलाही लावली.

"आता मार की कुणाला तरी!"

जनावर सापडलं नदीकाठी. कसल्यातरी हरणावर वाकून ते खात होतं. पाठ बाईकडे.

"आता. आई, आता! मागून जा."

नलूने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"काय झालं?"

"खातोय तो."

"म्हणूनच तर. खाताना लक्ष नसतं त्याचं, तेव्हाच मारायचं. वेळ संपतोय, वर घड्याळ बघ."

"होऊ दे त्याचं. पानावरून उठवू नये कुणाला."

जनावर सावकाश खात राहिलं. तीळवाली बाई गवतात उभी राहिली. मग पडद्यावर अक्षरं आली, वेळ संपल्याची. शिकार फसली.

विक्रांत हसेल असं तिला वाटलं. तो तिच्याकडे बघत होता, बऱ्याच दिवसांनी नीट.

"तुला काही सांगायचंय का?"

"जेवून घे आधी."

बोलून गेल्यावर तिला कळलं. या घरात वाढलेल्या मुलाला या वाक्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. निकाल लागला त्या दिवशी हेच वाक्य होतं. बाबांच्या रिपोर्टच्या दिवशीही हेच.

त्याने टीव्ही बंद केला आणि ताट घेऊन खोलीत न जाता स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बाबांच्या खुर्चीवर येऊन बसला.

तिने कोलंबीचं भुजणं वाढलं, भात वाढला, लिंबाची फोड ठेवली. समोर स्वतःचं ताट घेतलं. दोघं जेवले. तिचं झालं. ती हात धुऊन आली तरी तो खात होता, एकेक शीत वेचल्यासारखा.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

"हं."

"भात आहे अजून?"

तिने वाढला. त्याने तो कालवला आणि सावकाश संपवत आणला. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. विक्रांतचा उजवा हात ताटावर होता, बोटांवर मसाला वाळून पिवळा झाला होता. ताटात शेवटचा घास राहिला होता. तो त्याला हातही लावत नव्हता, उठतही नव्हता.

नलूने भाताच्या पातेल्यात पाहिलं. तळाला थोडा होता. तिने तो खरवडून काढला.

"अजून वाढू?"

"वाढ," तो म्हणाला.