पुरवणीत बुडालेला मुलगा

बायको गेल्यापासून गोव्यातल्या केरीच्या घरात मी एकटाच. दुपारचं जेवण झालं की फेरीच्या धक्क्याजवळच्या कठड्यावर जाऊन बसतो, कारण घरात फोनला रेंज नाही आणि मुलाचा व्हिडिओ कॉल दुपारीच येतो. मुलगा बोटीवर आहे. आमच्या पेडण्यात ‘बोटीवर’ म्हणजे परदेशी जहाजावर नोकरीला, हे कुणाला समजवावं लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात तिथंच एक प्रवासलेखक भेटला. पुण्याचा, चाळिशीतला, बोलायला गोड. तेरेखोलचा किल्ला बघून फेरीतून परत आला आणि माझ्या शेजारी टेकला. इतके प्रश्न मला कितीतरी दिवसांत कुणी विचारले नव्हते. वाळपईच्या कचेरीतली नोकरी सांगितली, बायकोचं आजारपण सांगितलं, मुलाचं सांगितलं, रेंजचंही. घरी नेऊन चहा-पाव दिला. लेख आला की पाठवतो म्हणाला आणि खरंच पाठवला.

रविवारच्या पुरवणीतला लेख मी फोनवर वाचला. सुरूचं बन, फेरीचा आवाज, माझा दोरी बांधलेला चष्मा, सगळं हुबेहूब. आणि मग पुढं लिहिलेलं, की हा म्हातारा रोज समुद्राकडे बघत बसतो, कारण त्याचा मुलगा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही.

त्या दुपारी मुलाचा चेहरा स्क्रीनवर दिसेपर्यंत जीव जागेवर नव्हता. त्याला मात्र काही बोललो नाही.

लेखकाला फोन करीन म्हणता म्हणता आठवडा गेला. तेवढ्यात एक बाई आली. पलीकडून, सिंधुदुर्गातल्या कुठल्याशा गावाहून. फेरीतून उतरली, लोकांना विचारत नेमकी माझ्यापाशी आली आणि कठड्यावर बसली.

“पेपरात तुमच्या झिलाचां वाचलंय,” ती म्हणाली. “माझो झीलय दर्यात गेलो. आजून सापडाक नाय. घरात बोललंय तर गप रव म्हणतत. तुमका कळात म्हणान इलंय.”

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. ती थोडा वेळ बसली असती, मुलाबद्दल बोलली असती. मीही ऐकलं असतं. पण जित्या पोराला मेला कसं म्हणू?

“बाय, माझो झील जिवंत आसा,” मी म्हटलं. “बोटीर नोकरेक आसा. पेपरात चुकीचां लिवलां.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

“जिवंत आसा? बरां झालां,” म्हणाली आणि उठली.

“बस गो. घर हयच आसा, चाय घेवन जा.”

“नको. फेरी सुटात.”

फेरी तर अजून भरायची होती. ती आत जाऊन पाठमोरी उभी राहिली, तशीच पलीकडे गेली. तिचं गाव विचारायचंही मला सुचलं नाही.

मी तिथूनच लेखकाला फोन लावला.

“मी तुम्हाला रेंजचं सांगितलं होतं.”

“काका, रेंजसाठी बसलेल्या माणसाबद्दल कोण वाचणार? तुमच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते लिहिलं.”

“मग एकटा आहे असं लिहायचं की! पोर कशाला मारलंत?”

मग त्याला बाईचं सांगितलं. तो म्हणाला, “छापलेलं आता परत घेता येणार नाही. पण नेटवरचा लेख आजच बदलून घेतो.”

त्यानं बदलला. संध्याकाळी नवा लेख उघडून पाहिला. किल्ला होता, सुरूचं बन होतं, फेरी होती. माझा परिच्छेदच काढून टाकला होता. त्यानं केलं ते बरोबरच होतं. तरी मी तो लेख वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला, कुठं उरलोय का बघायला.