बर्फ सारायची नोकरी

नागपूरला मी ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. लग्न करून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले आणि नवऱ्याच्या व्हिसावरची बायको झाले. घर होतं, गाडी होती, फक्त कमवायची बंदी होती. शेजारच्या आजींच्या दारातला बर्फ एकदा मी हौसेनं काढून दिला. त्यांनी माझ्या हातमोज्यात एक नोट खुपसली, तर मी धावत जाऊन ती परत केली. हे काम ठरलं तर? व्हिसा गेला तर? आजी बिचाऱ्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पुढे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला पहिली मंजुरी मिळाली आणि त्याच्या आधारावर मलाही काम करायचं कार्ड आलं. नवऱ्याचा परवाना त्याच्या कंपनीपुरता. माझ्या कार्डावर मालकाचं नावच नव्हतं! मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, कुठेतरी बारीक अक्षरात अट असणारच. नव्हती. एवढा मोठा देश मला म्हणत होता, बाई, हवं तिथे काम कर. मी दिवसभर ते कार्ड घेऊन घरात फिरत होते.

काय करायचं ते मनात पक्कं होतं. हिवाळ्यात पुढे लोखंडी पातं लावलेले ट्रक बर्फ सारत घरावरून जायचे. ते पातं हायड्रॉलिकवर वर उचललं जाताना पाहून माझे हात शिवशिवायचे. पार्किंगमधला बर्फ काढणाऱ्या एका छोट्या धंद्याला ड्रायव्हर हवे होते. नवरा म्हणाला, “अगं, आधी लॉयरला ईमेल टाकू का? रिस्क नको यार.”

“लॉयर तुझ्या कंपनीचा आहे. कार्ड माझं आहे,” मी म्हटलं. त्यानं हातातला फोन खिशात ठेवला.

धंद्याचा मालक साठीचा, आडदांड, तोलूनमापून बोलणारा. त्यानं कार्ड पाहिलं आणि परत दिलं. नवरा कुठे असतो, काय करतो, काही विचारलं नाही. म्हणाला, “पहिल्या बर्फाला ये. दवाखान्याचं पार्किंग पेशंट यायच्या आत साफ केलंस तर हिवाळाभर काम तुझं. नाहीतर राहू दे.”

पहिला बर्फ पडला तेव्हा तो माझ्या शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसला. भिंतीलगत पातं खाली टाकायचं आणि ट्रक मागे घेत बर्फ ओढून आणायचा, मग सरळ पट्टे मारत तो कडेला ढकलायचा. माझा पहिला पट्टा वाकडा गेला. दुसऱ्या पट्ट्याला पातं बरोबर टेकलं, घरघर सुरू झाली आणि बर्फाखालून काळीभोर जमीन निघायला लागली. ढोपरभर बर्फ माझ्या एका बोटाच्या इशाऱ्यावर बाजूला होत होता. मी श्वास रोखून चालवत राहिले.

उजाडलं तेव्हा सगळं पार्किंग मोकळं होतं. पहिल्या गाडीतून एका बाईनं आपल्या म्हाताऱ्या आईला व्हीलचेअरवर उतरवलं आणि चाकं न अडखळता दारापर्यंत गेली.

मालक घसा खाकरून म्हणाला, “हे बघ, दुसऱ्या कोणाकडे जाऊ नकोस. चांगले ड्रायव्हर माझ्याकडे टिकत नाहीत.”

मला क्षणभर कळेचना. कंपनी काढून टाकेल या धास्तीवर आमचं घर इतकी वर्षं चाललं होतं. त्यापायी नवऱ्यानं सख्ख्या बहिणीच्या लग्नाला सुट्टीसुद्धा मागितली नव्हती. आणि इथे मी सोडून जाईन म्हणून मालकच घाबरत होता!

“नाही जाणार,” मी म्हटलं. आणि पुढचं तोंडातून निघूनच गेलं, “पण या ट्रकचा हीटर चालत नाही. तो दुरुस्त करून हवा.”

माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्यानं हातमोजा काढून हीटरसमोर हात धरला.

“खरंय,” तो म्हणाला. “उद्याच करून घेतो.”