कापूस केंद्राचा पहारेकरी

अंबडच्या कापूस खरेदी केंद्राच्या फाटकावर एक पहारेकरी होता. शाळेत शिकवायला जाता-येता मी त्याच्याशी दोन शब्द बोलायचो. केंद्र शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचं, पण हुकूम सरकारचा चालायचा. शेतकरी ओरडले की तो म्हणायचा, "सरकारचं काम हाये, बाबा." साहेब रागावले की म्हणायचा, "संस्था शेतकऱ्यांची हाये, साहेब."

एकदा सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि फाटक बंद ठेवायचा हुकूम आला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दुपारी अचानक आभाळ भरून आलं.

"कापूस भिजेल हो," मी म्हणालो.

"सर, मी संपात हाये का न्हाई, हेच कुणी सांगून न्हाई राह्यलं."

थेंब पडू लागताच मात्र त्यानं कुलूप काढलं आणि सगळ्या गाड्या शेडमध्ये घेतल्या.

चार दिवसांनी त्याला निरोप मिळाला, कामावर येऊ नको. तो संघात विचारायला गेला, तर त्यांनी सरकारी कचेरीकडे पाठवलं. कचेरीनं परत संघाकडे. काढलं कुणी, ते कुणालाच सांगता येईना. तरी तो रोज येऊन फाटकाबाहेर बसायचा.

"आता कशाला बसता?" मी विचारलं.

"परत बोलवायला कोण येतंय, ते बघून राह्यलो."