भुंगेमामा आणि कृष्णकमळाचा मांडव

भुंगेमामा लाकडाला कान लावून उभे राहत. आमच्या कॉलेजच्या बागेत कृष्णकमळाचा वेल चढवलेला एक जुना लाकडी मांडव होता. त्याच्या खांबाला उजवा कान टेकवून, डोळे मिटून, पाच-पाच मिनिटं. येणारे-जाणारे विचारत, "काय मामा, लाकडाचं बीपी बघताय का?" मामा पुढच्या खांबाकडे जात. पहिल्या दिवशी मीही हसले होते, आतल्या आत. बाकी सगळंही मी आतल्या आतच करते.

मामा प्राणिशास्त्र विभागात अटेंडंट होते. पुण्यातल्या कॉलेजांत शिपायापासून प्रयोगशाळेतल्या माणसापर्यंत सगळे मामाच असतात; हे भुंग्यांचे म्हणून भुंगेमामा. मांजरी गावाहून दोन बस बदलून यायचे आणि साहेबांच्या आधी पोचायचे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळालं: मांडवाचं लाकूड कोरून त्यात राहणारे सुतारी भुंगे कोणते आहेत ते ओळखायचं आणि ते एकत्र कसे राहतात ते समजून घ्यायचं. विभागप्रमुख सरांनी विषय दिला, एक इंग्रजी पुस्तक दिलं आणि म्हणाले, बाकी मामांना विचार. माझी पदवी या तीन शब्दांवर उभी आहे. प्रबंधात मामांचं नाव आभाराच्या पानावर शेवटून दुसरं आहे, बाइंडिंगवाल्याच्या वर. तो क्रम मीच लावला.

मामांनी आधी मला ऐकायला लावलं. "कान टेका. करवत चालल्यागत वाटतंय का? ती मादी हाय. नर काम करत न्हाय, निस्ता हवेत हुभा राहून गुरगुरतो. त्याला नांगीबी न्हाय." असं म्हणून ते हवेत थबकलेला पिवळाधमक भुंगा मुठीत धरायचे आणि मूठ माझ्या कानाशी आणायचे. मी इंग्रजी शाळेतली, शनिवार पेठेतल्या घरात वाढलेली. त्यांचं 'हाय-न्हाय' मला सुरुवातीला नीट कळत नसे आणि पुन्हा विचारायची लाज वाटे. हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, दुसऱ्यांदा जरा सावकाश, आणि जणू स्वतःशीच.

खांबाखाली पडलेला भुसा ते चिमटीत घेऊन बघत. पांढरा आणि सुटा असला तर आजचा, दवाने चिकटलेला असला तर कालचा. भुंग्याचं वय ओळखायचं तर पंख बघायचे: कडा फाटलेल्या म्हणजे म्हातारी, कोऱ्या म्हणजे याच मोसमातली. पण सगळ्यात नामी त्यांची खूण करायची पद्धत. ऑफिसातून आणलेलं व्हाइटनर, झाडूची एक काडी आणि विभागाचा फ्रिज. भुंगा डबीत घालून दुधाच्या पिशवीशेजारी ठेवायचा, गारठून सुस्त झाला की पाठीवर ठिपके द्यायचे आणि उन्हात सोडायचा. चहाचं दूध आणायला गेलेल्या बाई एकदा किंचाळल्या तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "त्ये कामावर जायाच्या आधी निजलंय, झाकण लावा."

आमच्या संग्रहालयात एका पेटीत दोन जाती होत्या. एक काळी, पाठीवर पिवळी लव असलेली; दुसरी अंगभर पिवळी. खाली दोन वेगळी लॅटिन नावं. खांबाच्या एकाच भोकातून दोन्ही बाहेर येताना मामांनी कित्येक वर्षं पाहिलं होतं. त्या दोन जाती नव्हत्याच, एकाच जातीचे मादी आणि नर होते. माझ्या पुस्तकातही तेच होतं. मामांनी हे सरांना फार पूर्वी सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "मामा, उद्यापासून लेक्चर तुम्हीच घ्या, मी पेट्या पुसतो." पेटीवरची नावं तशीच राहिली. हा किस्सा स्टाफरूममध्ये हसून सांगितला जाई. मी तिथे पुस्तक उघडून दाखवू शकले असते. मी चहा प्यायले.

पुस्तकात लिहिलं होतं की हे भुंगे एकेकटे राहतात. मामांनी मला तीन आठवडे एकाच भोकासमोर स्टुलावर बसवलं. दोन ठिपक्यांची म्हातारी सकाळपासून दारात बसायची. कोणी परकी आली की शेपटीकडच्या भागाने दार बुजवून टाकायची. एका ठिपक्याची तरणी बाहेर जायची, परागाने माखून यायची आणि म्हातारीला तोंडाने भरवून मग आत जायची. मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "पुस्तकानं आपला मांडव बगितला न्हाय."

फेब्रुवारीत कॉलेजला तपासणी समिती येणार होती. समिती येणार म्हटलं की आपल्याकडे आधी रंगाचे डबे येतात. मांडवाची भोकं लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून बुजवायची आणि वर हिरवा ऑइलपेंट मारायचा, असं सरांनी ठरवलं. मामा त्यांना भेटायला गेले. सर म्हणाले, लेखी द्या. लेखी म्हणजे इंग्रजीत, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा माझ्याकडे फुलस्केप घेऊन आले. "ताई, चार वळी लिवा. भुंगे आत हायत, बुजवलं तर मरत्याल. समिती गेली की मी सोत्ता रंग देतो, दुपारचं, ती भाईर असताना. एवढंच."

चार ओळींना मी चार दिवस लावले. सरांची सही माझ्या प्रबंधावर व्हायची होती. पहिला खर्डा मला उद्धट वाटला, दुसरा तक्रारीसारखा. तिसऱ्यात मी सरांच्या पर्यावरणप्रेमाचं कौतुक घातलं. चौथ्यात 'भुंगे मरतील' हे वाक्य काढून टाकलं, कारण ते आरोप केल्यासारखं वाटत होतं. रोज सकाळी मामा विचारत, "झालं का?" रोज मी म्हणे, "आज देते."

पाचव्या दिवशी सरांनी मामांना फायली देऊन विद्यापीठात पाठवलं. सकाळी साडेआठला मी लायब्ररीच्या खिडकीतून पाहिलं: दोन रंगारी, एक शिडी, लांबीचा डबा. मांडवावर ऊन दहाला येतं. त्याआधी थंडीत एकही भुंगा बाहेर पडत नाही. त्या वेळी सगळी घरटी भरलेली असतात. हे मला मामांनीच शिकवलं होतं. दोन जिने उतरून एक वाक्य बोलायचं होतं. रंगाऱ्यांनी ऐकलं असतं. कोणत्याही मॅडमचं ऐकतात ते. अर्ज माझ्या बॅगेत होता. सरांना न विचारता काम थांबवणं बरं दिसणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि मांडव हिरवा होताना बघत बसले.

मामा तीनला परतले. खांबाला कान लावला. मग दुसऱ्याला. मग प्रयोगशाळेतून स्क्रूड्रायव्हर आणून एकेक भोक उकरायला लागले. ओला रंग त्यांच्या कानाला, गालाला लागला होता. काही भोकांतून भुंगे रांगत बाहेर आले, ठिपक्यांवर लांबी थापलेली. काहींतून कोणीच आलं नाही. दोन ठिपक्यांची म्हातारी दारातच होती, लांबीत रुतून. मी तेव्हा खाली आले. तेव्हा कशाला आले, कोण जाणे.

सर आले. "मामा, ही कॉलेजची प्रॉपर्टी आहे. उद्या समिती आहे."

"आत जित्ती हायत सर."

"उद्या समिती आहे, मी काय म्हणतोय?"

"मग समितीलाच दावा की."

सरांनी रंगाऱ्यांना परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी मांडव गुळगुळीत हिरवा होता आणि त्याच्यासमोर एक चकचकीत पाटी होती: भुंगे संवर्धन कोपरा, इंग्रजीत. खाली दोन फोटो, एक काळा, एक पिवळा, दोन जाती म्हणून. समितीतल्या बाईंनी पाटीचा फोटो काढला आणि सरांचं अभिनंदन केलं. आत मेलेले भुंगे असलेल्या खांबाला टेकून सर हसले. मला आजही ती पाटी मोडावीशी वाटते.

आठवड्याने मामांना नोटीस आली, मालमत्तेच्या नुकसानीची. निवृत्तीला चार महिने उरले होते. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं इंग्रजी चांगलं आहे. त्यांचा माफीनामा ड्राफ्ट कर, विषय संपवू." मी तो उभ्या उभ्या दहा मिनिटांत लिहिला. एकही खर्डा लागला नाही.

मामांनी सही करण्याआधी विचारलं, "काय लिवलंय, ताई?"

मी म्हणाले, "तुम्ही भोकं उघडली, एवढंच."

"चुकलो असं न्हाय ना लिवलं?"

मी म्हणाले, नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सावकाश, मराठीत, पूर्ण नावाने सही केली.

चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. विभागाने निरोप समारंभ केला नाही. नारळसुद्धा दिला नाही. मी गेटपर्यंत गेले. ते बससाठी निघाले होते, खांद्याला डब्याची पिशवी. म्हणाले, "ऑफिसातल्या क्लार्कनं वाचून दावला मला तो कागद." पुढे काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. ते बसमध्ये चढले.

मला सरांचा राग येतो, समितीचा येतो, हसणाऱ्या स्टाफरूमचा येतो. पण हे सगळे राग मी माझ्यावरच्या रागापुढे धरते, आडोसा म्हणून. मी लिहिते ते इंग्रजीत. हे मराठीत लिहिलं आहे, चुका असतील. मामांना हे कोणाकडून वाचून घ्यायला लागू नये. मामा, त्या कागदावर लिहिलं होतं की तुम्ही चुकलात आणि तुम्हाला त्याचा खेद आहे. तुम्ही चुकला नव्हता. मी खिडकीत उभी होते आणि मला सगळं दिसत होतं.